रय्यान ऐकत नाही

मस्कतहून रजेवर येताना नियाजने महाबळेश्वरचं हॉटेल ठरवूनच ठेवलं होतं. दोन वर्षं त्याने मुलांना मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं होतं. आता त्यांना घोड्यावर बसवायचं, होडीतून फिरवायचं, गार हवेत गरम कणीस खायला घालायचं, असा त्याचा बेत होता. पण निघायच्या आदल्या दिवशी पाच वर्षांच्या रय्यानचं नाक वाहायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत अंग चांगलंच तापलं. नाझियाने भरलेल्या बॅगा तशाच पलंगाखाली सरकवल्या.

"जाऊ दे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही घरात आहात, हेच खूप झालं. आम्हाला कुठे डोंगर बघायचेत?"

नियाजला ते लागलं. मस्कतला तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत लटकताना ही सहल त्याची मनातल्या मनात कितीदा तरी करून झाली होती.

त्यांचं घर करंजाडेला, एका चार मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावर. मागचं दार उघडलं की सिमेंटचा ओटा, त्यापुढे जरासं अंगण आणि तारेच्या कुंपणापलीकडे एक रिकामा प्लॉट. आजूबाजूला सगळीकडे बिल्डिंगी उठल्या, हा एवढा तुकडा मात्र कसा कोण जाणे राहून गेला होता. नियाजच्या आईने, झुबेदाने, अंगणात मेंदी, मोगरा, कढीपत्ता आणि कुंपणाला लागून एक शेवगा लावला होता. दुपारभर त्या बाजूला कुणी फिरकत नसे, इतकं ऊन. पण पाचनंतर बिल्डिंगची सावली अंगणावर यायची, खाडीकडून वारा सुटायचा आणि घर हळूहळू मागच्या दाराने बाहेर पडायचं.

रय्यानचा ताप उतरला त्या संध्याकाळी, काय करावं ते न सुचून, नियाजने पाइप घेतला आणि तापलेल्या ओट्यावर पाणी मारायला सुरुवात केली. आठ वर्षांची नशरा धावत आली आणि फ्रॉकसकट पाण्याखाली उभी राहिली. रय्यान दारातूनच बघत होता. त्याला अजून भिजायची परवानगी नव्हती. पण ओटा निवल्यावर नाझियाने चटई टाकली, झुबेदाने कैरीच्या फोडींना तिखट-मीठ लावून आणलं, आणि सगळे तिथेच बसले ते अगदी जेवायच्या वेळेपर्यंत. मग रोजचंच ते झालं. कधी नियाज पनवेल स्टेशनच्या बाहेरून ताडगोळे घेऊन यायचा. नशराला ते सोलताना आतलं पाणी दादीच्या अंगावर उडवायची भारी हौस. कधी सगळे मिळून नुसता मोगरा वेचायचे. डोक्यावरून नव्या विमानतळाकडे विमान उतरायला लागलं की, "यात कुणाचे अब्बा आहेत?" असं नशरा विचारायची आणि नियाज काहीतरी गंमतीचं नाव सांगायचा.

एकदा नशराला कुंपणापलीकडच्या खडीत टिटवीची अंडी दिसली. दगडांसारखीच दगडी रंगाची. तेव्हापासून कुणीही कुंपणाजवळ गेलं की टिटवी अख्खं करंजाडे डोक्यावर घ्यायची. नशराने लगेच हुकूम काढला, "कुंपणाकडे कुणी जायचं नाही. ती अंडी उबवतेय." आणि आजीसकट सगळ्यांनी तो पाळला.

महाबळेश्वर हळूहळू नियाजच्या मनातून उतरलं. पण दुसरंच एक काहीतरी खुपायला लागलं होतं.

रय्यान त्याच्याकडे येत नव्हता. समोर बसून ताडगोळा सोलून दिला की खायचा, हसायचा, मांडीवरही बसायचा. पण पाठीमागून हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नसे. नियाज म्हणायचा, "रय्यान, इकडे ये बेटा," आणि पोरगा आपला मेंदीच्या बुंध्याशी मुंगळ्यांची रांग बघत बसलेला. तीच हाक नशराने दादीला मारली तर म्हातारी दोन खोल्या पलीकडून ओ द्यायची. संध्याकाळ जसजशी गडद होई तसा तो आणखीच आपल्यात मिटून जाई. दिवेलागणीनंतर तर बाप काय बोलतोय याची तो दखलच घेत नसे.

व्हिडिओ कॉलवरही असंच व्हायचं. पडद्यावर तोंड दिसलं की रय्यान क्षणभर बघायचा आणि दुसऱ्या मिनिटाला पळून जायचा. तेव्हा नियाज स्वतःची समजूत घालायचा, लहान आहे, फोनचा कंटाळा येत असेल. आता तर तो हाताच्या अंतरावर होता. आता काय समजूत घालायची?

एका संध्याकाळी मुलं आत गेल्यावर तो नाझियाला म्हणाला, "मी गेलो तेव्हा तीन वर्षांचा होता. विसरलाय तो मला. पाहुणा समजतो."

"काहीतरीच काय!" नाझिया म्हणाली. "तो कुणाचंच ऐकत नाही. शाळेत बाईसुद्धा हेच म्हणतात, रय्यान ऐकत नाही, लक्ष देत नाही. मी दहा हाका मारते तेव्हा एकदा बघतो. टीव्हीचा आवाज असा वाढवून ठेवतो की वरून हेतलभाभी खाली येतात."

"याचा बापसुद्धा असाच होता," झुबेदाने मोगऱ्याची फुलं दोऱ्यात ओवता ओवता सांगितलं. "उशिरा बोलायला लागला. आणि कुणाचं ऐकेल तर शपथ."

सगळे हसले. नियाजही हसला, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी ऐन तिन्हीसांजेला लाइट गेली. अख्ख्या सेक्टरची गेली. पंखे थांबले, वरच्या मजल्यांवर खिडक्या धडाधड उघडल्या आणि इतका वेळ ऐकू न येणारे रातकिडे एकदम जवळ आल्यासारखे वाटले. घरात बसवेना, म्हणून सगळे ओट्यावर आले. नाझियाने टॉर्च आणून दाराशी ठेवला.

"अब्बा, गोष्ट सांगा," नशरा म्हणाली.

नियाजने गोष्ट रचायला घेतली. एका लिफ्टमध्ये एक बकरी शिरते, तिला बटण दाबता येत नाही, आणि ती प्रत्येक मजल्यावर कुणाकुणाला विनवण्या करते. बकरीचा आवाज काढताना त्याने मान वेळावली, डोळे मोठे केले. नशरा खदखदून हसत होती. रय्यान त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला होता आणि टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत होता. तोही हसत होता. नियाजला बरं वाटलं. त्याने गोष्ट आणखी लांबवली. बकरी तिसऱ्या मजल्यावर पोचली तोवर आकाशातला उरलासुरला उजेडही गेला.

रय्यान चुळबुळ करायला लागला. मग उठला आणि चालू लागला.

"बघितलंस?" नियाज बायकोला म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "गेला."

पण रय्यान गेला नव्हता. तो दारापाशी जाऊन टॉर्च घेऊन आला. पुन्हा बापासमोर तसाच बसला. दोन्ही हातांनी टॉर्च धरून त्याने तो पेटवला आणि प्रकाशाचा गोळा नेमका नियाजच्या ओठांवर आणून थांबवला.

"आता बोला," तो म्हणाला.

"अरे, डोळ्यांत जातोय माझ्या," नियाज हसत म्हणाला आणि त्याने हाताने टॉर्च बाजूला केला. रय्यानने तो पुन्हा तिथेच आणला. "अब्बा, बोला ना. दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

 रय्यानने नुसतंच बोट पुढे करून बापाच्या ओठांना लावलं.

 नियाजने हळूच मुलाच्या हातातला टॉर्च घेतला आणि विझवला. मग त्याच अंतरावरून, त्याच आवाजात विचारलं, "रय्यान, आइस्क्रीम खाणार?"

"मी खाणार!" नशरा ओरडली.

रय्यान गप्प. टॉर्च परत मिळावा म्हणून अंधारात हात पुढे करून बसला होता.

नाझियाच्या हातातलं वारा घालायचं पुठ्ठ्याचं पॅड खाली पडलं. "या अल्ला," ती एवढंच म्हणाली. झुबेदाने नातवाला ओढून मांडीवर घेतलं.

"पण अजान ऐकू येते त्याला," नाझिया म्हणाली. ती नियाजशी बोलत होती की स्वतःशी, ते कळत नव्हतं. "विमान आलं की वर बघतो. फटाके वाजले तेव्हा रडला होता. बहिऱ्याला कुठे... तो बोलतो ना सगळं!"

"उद्या दाखवू," नियाज म्हणाला. 

हेतलभाभीच्या भाच्याचे कान ज्यांनी तपासले होते त्या डॉक्टरांचं नाव तिनेच दिलं. डॉ. अरुंधती, जुन्या पनवेलात बाजाराच्या अलीकडे दवाखाना. त्यांनी दुर्बिणीसारख्या नळीने रय्यानच्या दोन्ही कानांत पाहिलं, सर्दी किती वेळा होते, झोपेत घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, असं बरंच विचारलं आणि म्हणाल्या, "आधी ऐकण्याची तपासणी करून घेऊ. मग बोलते." त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच समजत नव्हतं. नाझियाने नियाजचा हात घट्ट धरला होता.

तपासणीची खोली आत होती, भिंतींना जाड गादीसारखं काही लावलेली. तिथे चारुता नावाची तरुण मुलगी होती. तिने रय्यानला छोट्या खुर्चीत बसवलं, त्याच्या पुढ्यात लाकडी मण्यांची वाटी आणि एक डबा ठेवला आणि त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. "टूं असा आवाज आला ना, की एक मणी डब्यात टाकायचा. आपली गंमत आहे," तिने त्याच्यासमोर तोंड धरून समजावलं. नियाजला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं होतं. नाझिया बाहेरच थांबली. तिच्याने बघवणार नव्हतं.

चारुताने बटण दाबलं की तिच्या मशीनवर एक बारीक दिवा लागायचा. नियाजला आवाज ऐकू येत नव्हता, पण दिवा दिसत होता. दिवा लागला. रय्यानचा हात मणी धरून तसाच. पुन्हा लागला. हात तसाच. मुलगा मन लावून वाट बघत होता, जीभ दातांत धरून, आणि मणी काही पडत नव्हता. चारुताने मशीनवरचं चाक फिरवलं, आणखी फिरवलं. बऱ्याच वेळाने एकदा मणी टक्कन डब्यात पडला आणि रय्यानने विजयी मुद्रेने बापाकडे पाहिलं. नियाजने हसून अंगठा दाखवला.  त्याच्या मनात पोराचं पुढचं अख्खं आयुष्य येऊन उभं राहिलं होतं. शाळा, रस्ते, गाड्या, आणि या सगळ्यात आपण कुठे, तर समुद्रापार.

मग चारुताने हेडफोन काढले. एका पट्टीला लावलेलं काळं, पेढ्याएवढं काहीतरी घेतलं आणि रय्यानच्या कानामागच्या हाडावर नीट बसवलं.

"हे काय?" नियाजने न राहवून विचारलं.

"हा आवाज हाडातून सरळ आत पोचतो. कानाचा बाहेरचा रस्ता लागतच नाही," ती म्हणाली. "बघू या."

दिवा लागला आणि मणी डब्यात पडला.

तिने चाक उलटं फिरवलं, आवाज कमी केला. दिवा लागला. मणी पडला. आणखी कमी केला. मणी पडला. रय्यानला आता गंमत वाटायला लागली होती. तो पुढे वाकून बसला होता आणि दिवा लागला रे लागला की टक्, टक्, टक् असे मणी पडत होते. वाटीतले संपले तेव्हा चारुता हसली. तिथे आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली होती.

"डॉक्टर सांगतीलच," ती नियाजला म्हणाली, "पण तुम्ही एवढे घाबरू नका."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. रय्यानच्या ऐकण्याच्या नसा उत्तम होत्या. वारंवार सर्दी होऊन दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साचलं होतं, अगदी डिंकासारखं, आणि त्यामुळे आवाज आत पोचत नव्हता. मोठे आवाज पोचायचे, साधं बोलणं पुसट यायचं. मुलांमध्ये हे खूप दिसतं, पुष्कळदा आपोआप जातंही. पण शाळेतल्या बाईंची तक्रार दिवाळीपासूनची होती. म्हणजे हे बरेच महिने चाललं होतं. म्हणून पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढायचं आणि एक छोटीशी नळी बसवायची. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी.

"म्हणजे तो ऐकेल?" नाझियाने विचारलं.

"ऐकू येईल," डॉ. अरुंधती म्हणाल्या. "ऐकेल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

नाझिया हसली आणि हसता हसताच रडायला लागली. बाहेर पडल्यावर नियाजने रस्त्यातच थांबून आईला फोन लावला. "अम्मी, नसा चांगल्या आहेत," एवढं सांगून त्याने फोन नाझियाच्या हातात दिला. रय्यान दोघांचे हात धरून मध्ये उभा होता आणि उसाच्या रसवाल्याचं फिरणारं चाक बघत होता. त्या दिवशी तिघांनी तिथे रस प्यायला. मग रय्यानने आणखी अर्धा ग्लास मागितला आणि त्याला पूर्ण मिळाला.

ऑपरेशन झालं त्या दिवशी घरी येताना रिक्षात रय्यानने दोन्ही कानांवर हात ठेवले. "रिक्षा ओरडते," तो कुरकुरला. घरी आल्यावर नळ ओरडत होता, दादीच्या बांगड्या ओरडत होत्या, कुकरने तर त्याला रडवलंच. झुबेदाने बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि दोन दिवस त्या तशाच ठेवल्या.

पण ओट्यावर आल्यावर त्याचं रडणं थांबायचं. तिथले आवाज त्याला झेपत होते. तो चटईवर पालथा पडून राहायचा आणि विचारायचा, "हे काय वाजतंय?"

"शेवग्याच्या शेंगा. वाऱ्याने एकमेकींवर आपटतायत," नशरा सांगायची. तिला आता नवीन काम मिळालं होतं आणि ती ते शिक्षिकेच्या थाटात करायची. "आणि हा बुलबुल. आणि ही पाल. पालीला घाबरायचं नाही, ती फक्त चुकचुकते."

"आणि हे?"

"हे तू स्वतः काकडी खातोयस, वेड्या."

रय्यान चावायचा थांबला. मग पुन्हा चावलं. मग त्याने अख्खी काकडी संपवली, एकेक घास सावकाश चावत, डोळे मिटून.

नियाज त्याच्याकडे बघतच राहिला. कुठे त्या घोड्याच्या रपेटी आणि कुठे हे. पोराला महाबळेश्वरला नेलं असतं तर तिथल्या बाजाराच्या गलक्यात त्याला ऐकू येत नाही, हे कुणाला कळलंही नसतं. आणि या ओट्यावर रोज संध्याकाळी निवांत बसलो नसतो तर, दिवसाच्या उजेडात पोरगा तोंडाकडे बघून उत्तरं देत राहिला असता आणि आपण 'विसरला मला' असं मनात धरून विमानात बसलो असतो. पण काही बिघडलं नव्हतं. पोरगा विसरला नव्हता. त्याला बापाचं बोलणं हवं होतं, इतकं हवं होतं की अंधारात ते दिसत नाही म्हणून तो टॉर्च शोधून आला होता.

रजा संपत आली होती. नाझिया त्याच्या बॅगेसाठी सुकट आणि लोणच्याच्या बरण्या काढून ठेवत होती. यावेळी जाणं नेहमीइतकं जड वाटत नव्हतं, असं नव्हे, जडच होतं. पण छातीवरचं दुसरं काहीतरी उतरलं होतं, ते यापेक्षा कितीतरी भारी होतं.

एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर नियाज मशिदीतून परतला आणि घरातून थेट मागच्या दाराशी आला. ओट्यावरचा दिवा लावलेला नव्हता. अंगणात अंधार दाटला होता. मेंदीच्या पलीकडे रय्यान त्याच्याकडे पाठ करून उकिडवा बसला होता आणि नशराबरोबर ओल्या मातीत काहीतरी खणत होता. दोघांची डोकी जवळजवळ होती. नियाजला हाक मारायची खरं तर गरज नव्हती. तरी तो दारातच थांबला आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"रय्यान, चल, जेवायला ये."

"नाही येणार!" रय्यानने मान न वळवता ठणकावून सांगितलं. "आम्ही विहीर खणतोय. नंतर येतो."

स्वयंपाकघरातून नाझियाचा वैतागलेला आवाज आला, "बघा, मुळीच ऐकत नाही हा मुलगा!"

"नाहीच ऐकत," नियाज म्हणाला आणि चौकटीला टेकून मनसोक्त हसला. मग चपला काढून तोही मातीत उतरला आणि त्याने विचारलं, "पाणी लागलं का रे?"

"अजून नाही," अंधारातून उत्तर आलं. "तुम्ही इकडून खणा."